बाटलीतून वावरात : ऊतिसंवर्धित रोपे कणखर कशी होतात?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही इतिहासातीलच एखादा विषय निवडू अशी सर्वांची अपेक्षा होती. ती स्वाभाविक होती. या शाळेत आमची हयात इतिहास शिकविण्यातच गेली आहे. तरीही या वेळी आम्ही रोपांविषयी लिहीत आहोत. त्याचे कारण आपल्या भोजनगृहामागील दहा गुंठ्यांत आहे. तेथे आमच्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत शाळेला मोजावी लागली. पुढे पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा कळले की आपल्या अनेक पालकांनी स्वतःच्या वावरात हीच चूक केली होती आणि तिची किंमत आमच्याहून अधिक मोजली होती. शाळेचे नुकसान वर्गणीतून भरून निघते. दोन एकरांच्या कुटुंबाचे भरून निघत नाही. म्हणून हा लेख.

दहा गुंठ्यांतील धडा

वसतिगृहातील मुलांना घरची केळी मिळावीत, या हेतूने काही वर्षांपूर्वी आम्ही टिश्यू कल्चरची रोपे लावण्याचे ठरविले. पाच फूट बाय सहा फूट अंतराने एकरी सुमारे १४५० रोपे बसतात. या हिशेबाने दहा गुंठ्यांसाठी साडेतीनशेच्या आसपास रोपे हवी होती. एका ठिकाणी ती बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाली. रोपे पिशवीत नव्हती, लहान कप्प्यांच्या ट्रेमध्ये होती. उंची वीतभरही नव्हती; पण पाने हिरवीगार, कोवळी, पाहताच मन प्रसन्न करणारी. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. उघड्या टेम्पोतून, दुपारच्या झळांतून ती शाळेत आली. सायंकाळी मुलांनी मोठ्या उत्साहाने ती लावली आणि ठिबक सुरू केले.

तिसऱ्या दिवशी पाने मलूल झाली. आम्हांस वाटले, पाणी कमी पडले. पाणी वाढविले. पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. कोणी म्हणाले कीड आहे. मुले भिंग घेऊन कीड शोधू लागली. आठव्या दिवशी निम्म्याहून अधिक रोपे गेली होती. उपटून पाहिली तर मुळे कुजलेली. वर पान वाळत होते आणि खाली मूळ पाण्यात सडत होते. हे कोडे आम्हांस तेव्हा उलगडले नाही.

ते उलगडले आमच्या एका माजी विद्यार्थिनीमुळे. ती परजिल्ह्यातील एका ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत काम करते. निर्जंतुक कक्षात बसून दिवसभर चिमट्याने आणि पात्याने रोपांच्या फुटव्यांचे तुकडे करावयाचे आणि नव्या बाटलीत लावावयाचे, हे तिचे काम. सुटीत ती शाळेत आली तेव्हा केळीची रोपे असलेली एक बाटली सोबत घेऊन आली. नववीच्या वर्गात तासाच्या आरंभी तिने बाटलीतले एक रोप चिमट्याने बाहेर काढले, त्याच्या मुळांचा खळीसारखा पदार्थ धुतला आणि ते कागदावर ठेवले. शेजारी परसातील केळीच्या पिलाचे तेवढेच कोवळे पान ठेवले. डोक्यावर पंखा फिरत होता. तास संपण्याची घंटा झाली तेव्हा परसातील पान जवळजवळ जसेच्या तसे होते. बाटलीतील रोप ओल्या कागदासारखे लोळागोळा झाले होते. दोन्ही केळीच. फरक होता तो केवळ कोण कोठे वाढले याचा. हा फरक समजला म्हणजे या लेखाचा निम्मा भाग समजला.

ऑर्किडपासून हळदीपर्यंत

हे तंत्र आले कोठून, हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकास पडणे साहजिक होते. शोध घेतला तेव्हा त्याची एक महत्त्वाची वाट ऑर्किडच्या फुलापाशी पोहोचली. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आंब्याच्या किंवा बाभळीच्या फांदीला बिलगून वाढणारी रास्ना ही आपल्याकडची आमरीच. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी असते, तशी त्यात नसते. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. १९२२ मध्ये अमेरिकेतील ल्यूइस नडसन यांनी बुरशीवाचून, साखर आणि क्षार मिसळलेल्या पोषक माध्यमावर, काचेच्या नळीत हे बी रुजवून दाखविले. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी ऑर्किडच्या कोंबाच्या टोकाचा अगदी लहानसा तुकडा माध्यमावर वाढवून त्यापासून विषाणुमुक्त रोपे मिळविली. पुढे याच वाटेने एका रोपापासून हजारो रोपे तयार होऊ लागली आणि एकेकाळी युरोपातील श्रीमंतांच्या काचघरांत मिरविणारे हे फूल सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

दरम्यान १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या ऊतींवरील प्रयोगांतून एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली होती. वनस्पतीत ऑक्सिन आणि सायटोकायनिन अशी दोन प्रकारची वाढ नियंत्रक द्रव्ये असतात. माध्यमात सायटोकायनिन अधिक ठेवले तर कोंब फुटतात, ऑक्सिन अधिक ठेवले तर मुळे फुटतात. प्रमाण बदलले की त्याच तुकड्याची दिशा बदलते. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक माध्यमाचे जे सूत्र प्रसिद्ध केले, ते आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

आपल्या महाराष्ट्राचा या इतिहासातील वाटा अभिमानास्पद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, मस्करेन्हस, हेंद्रे आणि जगन्नाथन यांनी ऊतिसंवर्धनाने हळदीची रोपे जलद वाढविण्याची पद्धत १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या हळदीवर आज आपल्या वसमत, कळमनुरी, औंढा भागातील हजारो घरांचा संसार चालतो, तिच्यावरील हे काम इतके जुने आहे. १९९० च्या दशकात जळगावमार्गे ग्रँड नैन केळीची टिश्यू कल्चर रोपे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली आणि मुनव्यांपासून केळी लावण्याची जुनी रीत मागे पडू लागली. आज आपल्या जिल्ह्यात गिरगाव, कुरुंदा परिसरातील केळीच्या बागांत हा बदल कोणालाही पाहता येईल.

श्रीमंतांच्या फुलापासून अल्पभूधारकाच्या हळदीपर्यंत ही विद्या आली, हे चांगलेच झाले. मात्र या प्रवासाचा अखेरचा टप्पा, म्हणजे बाटलीतून वावरात जाणे, आजही सर्वांत नाजूक आहे. रोप बाटलीत असते तोवर जोखीम प्रयोगशाळेची असते. वावरात आले की ती शेतकऱ्याची होते.

बाटलीतील सुखवस्तू बालपण

बाटलीतील रोपाचे जीवन कसे असते? खाली अगर नावाच्या समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाने घट्ट केलेले माध्यम असते. त्यात क्षार, जीवनसत्त्वे आणि लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर असते. १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबयुक्त वाफेत निर्जंतुक केलेल्या या बाटलीत ना बुरशी, ना जिवाणू. तापमान २५ अंशांच्या आसपास स्थिर. प्रकाश सौम्य, नळीच्या दिव्यांचा. हवा बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली. वारा नाही, ऊन नाही, तहान नाही.

अशा घरात वाढलेल्या रोपास काही गोष्टी शिकाव्याच लागत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे पानावरील मेणाचा थर. बाहेरच्या झाडाच्या पानावर मेणाचे पातळ आवरण असते. त्यामुळे पानातील पाणी उडून जात नाही. बाटलीत हवाच ओली असल्याने हा थर नीट तयार होत नाही. दुसरी गोष्ट पर्णरंध्रांची. पानावरील ही सूक्ष्म छिद्रे कोरड्या हवेत मिटतात आणि पाणी वाचवितात. बाटलीतील रोपाची छिद्रे सतत उघडी राहतात. बाहेर आल्यावर ती वेळेवर मिटत नाहीत. तिसरी गोष्ट अन्नाची. साखर आयती मिळत असल्याने पान स्वतःचे अन्न पुरेसे तयार करीत नाही. चौथी गोष्ट मुळांची. अगरमध्ये वाढलेल्या मुळांना केशमुळे नसतात किंवा फार थोडी असतात, आणि मुळांचा खोडाशी असलेला जलवाहिन्यांचा सांधा कच्चा असतो.

आता आमचे कोडे सुटते. आमची रोपे बाटलीतून निघून फार तर ट्रेपर्यंत आली होती. वर पान पाणी उधळीत होते आणि खाली मूळ ते ओढू शकत नव्हते. आम्ही पाणी वाढविले; ते मुळांना पेलले नाही. रोप पाण्यात उभे राहून तहानेने मेले.

वाढ नियंत्रकांचे दुसरे काम

या ठिकाणी वाढ नियंत्रकांचा विचार पुन्हा करावा लागतो. कोंब फोडण्यासाठी आणि मुळे फोडण्यासाठी त्यांचा उपयोग आपण पाहिला. परंतु रोप बाहेर काढण्यापूर्वी त्यास कणखर करण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो. त्यामागील शास्त्र एका भाताच्या रोगातून उलगडले.

जपानी शेतकऱ्यांना भाताचा एक विचित्र रोग ठाऊक होता. रोगट रोपे इतरांपेक्षा भराभर उंच होत, फिकट आणि लवचीक होत आणि शेवटी लोळत. त्यांच्या भाषेत या रोगाचे नाव ‘वेडे रोप’ अशा अर्थाचे होते. १९२६ मध्ये कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखविले की ही वाढ एका बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे होते. १९३५ मध्ये त्या द्रव्यास जिबरेलिन हे नाव मिळाले. पुढे कळले की हे द्रव्य निरोगी झाडांतही असते आणि त्यांची उंची ठरविते. म्हणजे जिबरेलिन फार झाले तर रोप उंच पण दुबळे होते. मग ते कमी केले तर?

तसे करणारी द्रव्ये आहेत. त्यांना वाढनिरोधक म्हणतात. त्यांतील पॅक्लोब्युट्राझोल हे कोकणातील हापूस बागायतदारांच्या चांगले परिचयाचे आहे. ‘कल्टार’ या व्यापारी नावाने ते आंब्याच्या बुंध्याभोवती मातीत दिले जाते. झाडाची पालवी आवरते आणि मोहोर लवकर येतो. नाशिक, सांगलीकडील द्राक्षबागांत ‘लिहोसिन’ या नावाने वापरले जाणारे क्लोरमेक्वाट हे याच कुळातील. दोन्ही द्रव्ये झाडात जिबरेलिन तयार होण्याच्या वाटेत अडसर घालतात.

ऊतिसंवर्धनात पॅक्लोब्युट्राझोल अगदी अल्प प्रमाणात, मुळे फुटण्याच्या शेवटच्या माध्यमात मिसळून पाहिले गेले. शेवंतीसारख्या पिकांत लिटरला अर्धा ते चार मिलिग्रॅम इतकी मात्रा वापरली गेली. लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम. यावरून त्याच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. परिणाम असा दिसला की खोड आखूड राहिले, मुळे जाड झाली, पानावरील मेण वाढले, पर्णरंध्रे कमी उघडी राहिली, पानाच्या तेवढ्याच भागातील हरितद्रव्य वाढले आणि बाहेर काढल्यावर रोपे कमी कोमेजली. डेंड्रोबियमसारख्या ऑर्किडवरही असे प्रयोग झाले आहेत. ऑर्किडचे रोप मुळात सावकाश वाढणारे. बाटलीबाहेरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते गेले तर कित्येक महिन्यांचे श्रम वाया जातात. म्हणून बाटलीतच त्यास आखूड, जाड आणि कणखर करून बाहेर काढण्याचे मोल तेथे अधिक.

अॅब्सिसिक आम्ल या दुसऱ्या एका द्रव्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. झाडास तहान लागली की हे द्रव्य त्याच्या अंगात वाढते आणि पर्णरंध्रे मिटण्याचा संदेश देते. कोरड्या हवेत तग धरण्यासाठी झाडाची ही स्वतःची भाषा आहे. बाटलीतील रोपाला तहानच न लागल्याने ही भाषा त्याच्या सरावाची नसते.

येथे दोन इशारे देणे आम्ही कर्तव्य समजतो. पहिला असा की हे काम प्रयोगशाळेचे आहे. दुकानातून बाटली आणून रोपांवर अंदाजाने फवारण्याचे हे द्रव्य नव्हे. मात्रा वाढली तर रोप खुजे राहते आणि महिनोन्महिने वाढत नाही. पॅक्लोब्युट्राझोल मातीतही दीर्घकाळ टिकून राहते. दुसरा इशारा असा की कोणतेही द्रव्य सावकाशपणाची जागा घेत नाही. वाढनिरोधकाने रोप कोमेजण्याचे प्रमाण कमी होते. परंतु नवे मेण चढलेली नवी पाने आणि मातीत फुटलेली नवी मुळे यांना दिवस लागतातच. बाटलीतील जुनी पाने पुष्कळदा गळूनच जातात. रोप जगते ते बाहेर आल्यावर फुटलेल्या नव्या पानांवर.

कणखरीकरणाच्या पायऱ्या

कणखरीकरणाला रोपवाटिकेत ‘हार्डनिंग’ म्हणतात. त्याची सुरुवात बाटलीतच होते. बाहेर काढण्यापूर्वी काही दिवस बाटलीचे झाकण सैल केले जाते, प्रकाश वाढविला जातो, काही ठिकाणी माध्यमातील साखर कमी केली जाते. त्यानंतर रोपे बाहेर काढून मुळांचा अगर पूर्ण धुतला जातो. तो राहिला तर त्यातील साखरेवर बुरशी वाढते. धुतलेली रोपे बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात बुडवून कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये लावतात.

पहिली पायरी साधारण चार ते सहा आठवड्यांची. रोपे हरितगृहात किंवा प्लास्टिकच्या बोगद्यात, दाट सावलीत ठेवली जातात. हवेतील आर्द्रता आरंभी ८० ते ९० टक्के राखून हळूहळू कमी केली जाते. पाणी धुक्यासारखे द्यावयाचे, ओतावयाचे नाही. दुसरी पायरी सुमारे सहा ते आठ आठवड्यांची. माती, वाळू आणि कुजलेले खत भरलेल्या पिशवीत रोप हलविले जाते, सुमारे निम्मी सावली देणाऱ्या शेडनेटखाली ठेवले जाते आणि शेवटच्या दिवसांत सावली आणखी कमी केली जाते. केळीचे रोप साधारण एक फूट उंच आणि पाच-सहा पानांचे झाले म्हणजे ते वावरात जाण्यास योग्य समजावे.

आता पंचांग समोर ठेवून हिशेब करा. जूनच्या मध्यास लागवड करावयाची असेल तर रोप मार्चच्या सुमारास बाटलीबाहेर आले पाहिजे. म्हणजे कणखरीकरणाचा काळ नेमका एप्रिल-मे येतो. हिंगोलीचा उन्हाळा आपण जाणतोच. पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि भारनियमन झाले की फॉगर बंद पडतात. या खर्चिक आणि कष्टाच्या दहा-चौदा आठवड्यांतच काटछाट करण्याचा मोह रोपवाटिकेस होतो. स्वस्त रोप पुष्कळदा असे घाईने बाहेर काढलेले रोप असते. आमचे तसेच होते. विकणाऱ्याने घाई केली हे खरे. पण स्वस्ताईच्या मोहात आम्हीही एक प्रश्न विचारला नाही, हेही तितकेच खरे.

आपली हळद आणि ही विद्या

हळदीच्या बाबतीत हा विषय आपल्या जिल्ह्यास अधिक जवळचा आहे. २०२४ मध्ये वसमत हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात दूरदूरची हळद येते. परंतु शेतकऱ्याची मूळ अडचण बेण्याची आहे. हळद बियांपासून लावता येत नाही. गड्डेच लावावे लागतात. एकरी साधारण दहा क्विंटल बेणे लागते, आणि त्या बेण्याबरोबर कंदकुजीचा रोगही एका वावरातून दुसऱ्या वावरात जातो. ऊतिसंवर्धनाने रोगमुक्त मूळ बेणे तयार करता येते, हे त्याचे खरे महत्त्व.

मात्र येथेही समज हवी. ऊतिसंवर्धित हळदीचे रोप पहिल्या हंगामात नेहमीच्या बेण्याइतके मोठे गड्डे देत नाही. त्यापासून मिळालेले लहान कंद पुन्हा लावून एक-दोन हंगामांत बेणे पोसावे लागते. ज्यास पहिल्याच वर्षी हळकुंडांचे भरघोस उत्पन्न हवे, त्याने ही रोपे थेट विक्रीच्या पिकासाठी घेऊ नयेत; बेणेमळ्यासाठी घ्यावीत. शिवाय कणखरीकरणाची दगदग कमी करणारी एक वाटही याच पिकात सापडली आहे. माध्यमातील साखर लिटरला सुमारे ८० ग्रॅमपर्यंत वाढविली तर बाटलीतील हळदीच्या रोपाच्या तळाशी चिमुकले कंद तयार होतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखविले. असा कंद म्हणजे शिदोरी बांधलेले रोपच. साठवता येतो, वाहून नेता येतो आणि मातीत रुजतो. ऑर्किडच्या बियांना जी शिदोरी निसर्गाने दिली नाही, ती हळदीस बाटलीत बांधून देता येते, ही मौजेची गोष्ट आहे.

रोप घेताना काय पाहावे?

पालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रोप बाटलीतून केव्हा काढले आणि दोन्ही पायऱ्या पूर्ण झाल्या काय, हे विचारावे. रोप पिशवीतील असावे, ट्रेमधील नसावे. पान बोटांत धरून पाहावे. फार मऊ, पातळ, चकचकीत हिरवे पान हे सावलीत वाढल्याचे लक्षण आहे, जाडसर आणि किंचित ताठ पान हे कणखरपणाचे. एखादी पिशवी फाडून मुळे पाहू द्यावीत असा आग्रह धरावा. पांढरी, फाटे फुटलेली मुळे मातीचा गोळा धरून ठेवतात. टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची केंद्र शासनाची व्यवस्था २००६ पासून आहे. रोपे विषाणुमुक्त आणि जातिवंत असल्याची तपासणी तिच्याद्वारे होते. त्या प्रमाणपत्राची विचारणा करावी आणि पावती घ्यावी. रोपे सकाळी किंवा सायंकाळी, झाकलेल्या वाहनातून आणावीत. आणल्यावर लगेच लावू नयेत. आठवडाभर झाडाखाली किंवा नेटखाली ठेवून आपल्या हवेची सवय होऊ द्यावी. लागवड ढगाळ दिवशी किंवा ऊन कलल्यावर करावी. आरंभी पाणी थोडे आणि वारंवार द्यावे.

पुढील वर्षी आम्ही हे सर्व केले. रोपे महाग पडली म्हणून संख्या निम्मी केली. मुलांनी जुन्या साड्या आणि बांबू यांची सावली उभारली आणि दर दोन दिवसांनी तिची एकेक घडी कमी केली. त्या खेपेस गेलेली रोपे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज वसतिगृहाच्या ताटात जे केळे येते, ते त्या बागेतील आहे.

शेवटी थोडे आपल्या घराविषयी

ती माजी विद्यार्थिनी परत जाताना आम्ही तिला सहज विचारले की दहावीनंतर शहरात गेल्यावर तिचे पहिले दिवस कसे गेले. ती हसली आणि म्हणाली, “सर, पहिला महिना मी रोज रडत होते. बँकेत पावती कशी भरायची तेही माहीत नव्हतं. इथं सगळं तुम्हीच भरत होतात.”

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आपली निवासी शाळा वस्त्यांतून, तांड्यांतून, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना घंटेवर जेवण देते, अभ्यासाला दिवा देते, बाहेरची झळ लागू देत नाही. हे आवश्यकच आहे. या आश्रयाशिवाय कित्येक मुले रुजलीच नसती. परंतु दहावीच्या निकालानंतर आपण त्यांना एका दिवसात उघड्यावर पाठवितो. काही मुले पंधरा दिवसांत शहर सोडून परत आली, आणि आम्ही त्यांच्यातच दोष शोधीत राहिलो, जसे त्या रोपांवर कीड शोधीत होतो.

म्हणून आता दहावीच्या वर्षात आम्ही सावलीची एकेक घडी कमी करतो. मुले स्वतः हिंगोलीला जाऊन बँकेचे व्यवहार करतात, शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतः भरतात, कार्यालयात उभे राहून आपले म्हणणे मांडावयास शिकतात, महिन्यातून एक दिवस वसतिगृहाचा स्वयंपाक आणि हिशेब सांभाळतात. चुकतात, आणि चुकले तर परत यावयास जागा असते, तोवरच चुकलेले बरे.

या कामात माजी विद्यार्थ्यांची मदत हवी आहे. पुणे, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे जे स्थिरावले आहेत, त्यांनी नव्याने येणाऱ्या एकेका मुलास पहिले दोन महिने आपली निम्मी सावली द्यावी. पुढचे ऊन ते सोसतील. मेळाव्यास याल तेव्हा भोजनगृहामागे अवश्य चक्कर मारा. साड्यांचा तो मांडव अजून उभा आहे, आणि या वर्षी त्याखाली हळदीची रोपे आहेत.